तंबूची चेन लावा आणि निघा

पत्र:
माझा मुलगा दुबईला असतो. जुलैमध्ये त्याने आम्हा दोघांना, सुनेला आणि नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन टांझानियात सहा रात्रींची कॅम्पिंग सफारी ठरवली आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात चक्क लिहिलंय की तंबूंच्या जागेला कुंपण नसतं. माझं वय ५९. गुडघे कुरकुरतात, रात्री एकदा तरी उठावं लागतं. आम्ही पक्के शाकाहारी. ह्यांना (वय ६३) मात्र कधी एकदा जातो असं झालंय. 'बिग फाइव्ह'ची यादी करून फ्रिजवर लावली आहे. ताडोबात आम्ही दोन दिवस जिप्सीत धूळ खाल्ली, वाघाचं शेपूटही दिसलं नाही, पुढे आठवडाभर ह्यांची चिडचिड. तिकडेही तेच झालं तर? आणि ह्यांच्या घोरण्याने सिंह तंबूपाशी आला तर? जाऊ की नको?
– सांगलीची एक आजी

उत्तर:

ताई, नमस्कार.

जा. आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. घोरण्याचं म्हणाल, तर सेरेंगेटी या टांझानियातल्या मोठ्या पार्कातल्या सार्वजनिक कॅम्पसाइटवर सीझनमध्ये रोज रात्री ओळीने तंबू लागतात आणि त्यांत देशोदेशीचे घोरणारे असतात. सिंहाला त्यात काडीचा रस नसतो. शेजारच्या तंबूतल्यांची झोप मोडेल, तेवढं मनावर घ्या.

कुंपण नसतं हे मात्र खरं आहे. सेरेंगेटीच्या मधल्या भागाला सेरोनेरा म्हणतात, बहुतेक कॅम्पसाइट तिथेच आहेत. तरस रात्री फेरी मारून जाणं तिथे रोजचंच. सिंहही कधीतरी तंबूंच्या मधून चालत जातात, सकाळी धुळीत ठसे दिसतात. न्गोरोंगोरो विवराच्या काठावर सिंबा नावाची कॅम्पसाइट आहे, तिथे पाण्याच्या टाकीवर हत्ती येतात. तरीही माणसं वर्षानुवर्षं तिथे झोपतात आणि सकाळी उठून चहा पितात. कारण बंद तंबू हा सिंहाच्या किंवा तरसाच्या लेखी वाटेतला एक अडथळा असतो, ते वळसा घालून पुढे जातात. भानगड होते ती बहुधा तंबू उघडा ठेवला, उकडतंय म्हणून कुणी बाहेर झोपलं, आत खाणं ठेवलं किंवा रात्री कुणी भटकायला निघालं की. म्हणून चेन पूर्ण लावायची, खालच्या कोपऱ्यापर्यंत. वीतभर फट 'हवेसाठी' ठेवायची नाही. हवेला जाळीची खिडकी असते. चपला-बूट आतच घ्यायचे, तरसाला चामडं चघळायला फार आवडतं.

आवाजाची तयारी मात्र मनात करून जा. सिंहाची डरकाळी शांत रात्री सात-आठ किलोमीटरवरून ऐकू येते, आणि तंबूत आडवं पडलेल्या माणसाला ती पायाशीच वाटते. तरसाचा आवाज खालून वर चढत जातो, प्रश्न विचारल्यासारखा. सगळ्यांत भयंकर किंकाळी असते ती झाडावर राहणाऱ्या हायरॅक्सची. करवत चालवल्यासारखी सुरू होते आणि कुणाचा तरी गळा दाबल्यासारखी संपते. प्राणी असतो मांजराएवढा आणि पानं खातो. नातवाला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तोच तुम्हाला धीर देईल.

आता रात्री उठण्याचं. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, पण खरी काळजी तीच असणार. संडास-बाथरूम कॅम्पसाइटच्या एका बाजूला असतात, तंबूपासून अंतर पडतं. तंबू उभारताना आचाऱ्याला किंवा ड्रायव्हरला सांगा की आमचा तंबू त्या इमारतीच्या जवळ आणि झाडीच्या कडेपासून लांब लावा. उठावंसं वाटलं तर आधी आतूनच कान द्या. मग चेन थोडी उघडून टॉर्चचा झोत सावकाश सगळीकडे फिरवा, मागच्या बाजूलाही. कुठे डोळे चमकले तर ते हरणाचे की कुणाचे याचा अंदाज बांधत बसू नका, चेन लावून परत आत. काहीच चमकलं नाही तर यजमानांना उठवा आणि दोघं मिळून जा. पळायचं नाही, काहीही झालं तरी. आणि खरं सांगू? तुमच्या गुडघ्यांचा विचार करता झाकणाची छोटी बादली आरुशाच्या, म्हणजे सफारी निघते त्या शहराच्या, बाजारात घ्या आणि तंबूत कोपऱ्यात ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही. बायका हेच करतात, फक्त फोटोंखाली लिहीत नाहीत.

खाऊचा डबा तंबूत नको. बेसनाचे लाडू, चिवडा, संत्री, नातवाच्या खिशातलं चॉकलेट, सगळं रात्री गाडीत किंवा स्वयंपाकाच्या बंद खोलीत. झिंबाब्वेच्या माना पूल्स पार्कात तर संत्र्या-लिंबाच्या जातीची फळं आत न्यायलाच बंदी आहे, कारण हत्ती त्या वासाने गाड्या नि तंबू उचकटायला लागले. आणि खाऊ भरताना लक्षात घ्या: टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर १ जून २०१९ पासून बंदी आहे, ती पाहुण्यांनाही लागू आहे. कंपनीच्या बंद पाकिटातलं खाणं चालतं, पण आपण घरी पिशव्यांत गाठी मारून भरतो तसं नको. कापडी पिशव्या आणि डबे काढा.

मुलाला आज फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: 'कॅम्पिंग' म्हणजे नेमकं काय बुक केलंयस? तिकडे एकाच शब्दाखाली दोन जगं विकली जातात. एक म्हणजे सार्वजनिक कॅम्पसाइट: कमरेत वाकून शिरायचा घुमटाकार तंबू, जमिनीवर गादी, स्लीपिंग बॅग, सामायिक बाथरूम, पाणी बहुधा गार. दुसरं म्हणजे तंबूंचं हॉटेल: आत पलंग, मागे जोडलेलं न्हाणीघर, रात्री सोबतीला राखणदार. कुंपण दोन्हीकडे बहुधा नसतंच. तुमच्या पत्रावरून पहिला प्रकार दिसतोय. तसं असेल तर उंच तंबू आणि घडीच्या खाटा मागून घ्या. कंपन्या थोडे जास्त पैसे घेऊन देतात. जमिनीवरून उठताना गुडघ्यांची जी परीक्षा होते ती सहा रात्री रोज द्यायची गरज नाही. सहापैकी एक रात्र मध्येच कुठेतरी साध्या लॉजमध्ये, उदाहरणार्थ काराटू गावात, काढता आली तर सोन्याहून पिवळं. गरम पाण्याची आंघोळ होईल, कॅमेरे-फोन चार्ज होतील, आणि सूनबाई तुम्हाला दुवा देईल.

सिंहाचं झालं. आता फ्रिजवरच्या यादीकडे वळते, कारण तुमची सहल बिघडलीच तर तिच्यापायी बिघडेल.

सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा ही पाचांची यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करायला जी जनावरं सगळ्यांत धोक्याची, ती या यादीत आली. बंदूक न घेता जाणाऱ्या माणसाने ती का मिरवावी, हे मला अजून कळलेलं नाही. त्या यादीत चित्ता नाही, जिराफ नाही, पाणघोडा नाही. रानरेडा आहे, जो शेकड्याने दिसतो आणि बघणाऱ्याकडे उसने पैसे थकवल्यासारखा बघतो.

ताडोबात तुमचं जे झालं त्यात तुमचा दोष नव्हता. ठरावीक वेळेची फेरी, दाट झाडी, एकटा हिंडणारा वाघ. हा सगळा नशिबाचा भाग. सेरेंगेटीचा हिशेब वेगळा आहे. जवळपास १४,७६३ चौरस किलोमीटरचा पार्क, त्यात दक्षिणेकडे तर क्षितिजापर्यंत नुसतं गवत. सिंह कळपाने राहतात. सकाळी सहाला निघून दुपारचा डबा बरोबर घेऊन दिवसभर बाहेर राहता येतं. गाडीचं छप्पर वर उचललं जातं, उभं राहून बघता येतं. सहा रात्रींत सिंह दिसला नाही असं सहसा होत नाही. प्रश्न दिसण्याचा नाही, बघण्याचा आहे. ड्रायव्हरच्या वायरलेसवर स्वाहिलीत खबर येते, 'चुई', म्हणजे बिबट्या, की गाडी सुसाट सुटते, तिथे आधीच वीस गाड्या, पाच मिनिटं फोटो, पुढची खबर, पुन्हा सुसाट. यादी पूर्ण होते आणि माणसाच्या हाती कंबरदुखी लागते.

यात ड्रायव्हरचा दोष नसतो. पाहुणे यादी घेऊन येतात आणि यादी पुरी झाली की बक्षिसी चांगली देतात, हे त्याला अनुभवाने माहीत असतं. म्हणून पहिल्याच संध्याकाळी, आरुशात भेटेल तेव्हा, यजमानांच्याच तोंडून त्याला सांगायला लावा: आम्हाला सगळं नको, जे दिसेल तिथे थांबायचंय, पोले पोले. म्हणजे सावकाश. तो आधी विश्वास ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी खूश होईल, कारण त्यालाही जनावरं आवडतात म्हणूनच तो या धंद्यात असतो.

थांबल्यावर काय दिसतं ते सांगते. चित्त्याची मादी वारुळावर चढून बसलेली असते. सिंह-तरसांचा ससेमिरा टाळण्यासाठी चित्ता बहुतेक शिकार दिवसाउजेडी करतो, म्हणून तो आपल्याला बघायला मिळतो. ती मान वळवून सभोवार बघते. अर्धा तास काहीच घडत नाही. मग लांब चरणाऱ्या थॉमसन गझेलांकडे, म्हणजे छोट्या हरणांकडे, तिची नजर एकदा जाते आणि परत येतच नाही. खांदे वर, डोकं खाली, ती वारुळावरून उतरते. गझेलने मान वर केली की जागीच गोठते, पाय हवेत असेल तर हवेतच. खाली घातली की पुन्हा दोन पावलं. या वेळी इंजिन बंद आणि तोंड बंद. अशा वेळी चार गाड्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या की गझेल सावध होतात, ती गवतात बसकण मारते आणि पिल्लं असतील तर तीही उपाशी राहतात. तुमची गाडी त्या चारांत नको.

झोपलेला सिंहांचा कळप दिसला की लोक फोटो काढून निघून जातात. सिंह दिवसाचे वीस-वीस तास लोळत असतो, त्यामुळे दुपारी बारा वाजता त्यांचं बरोबरच असतं. पण उन्हं कलायला लागल्यावर असा कळप सापडला तर हलू नका. आधी एक जण जांभई देतो. मग दुसरी, मग तिसरी. जांभया लागल्या की समजायचं, आता उठणार. उठल्यावर एकमेकांच्या गालाला गाल घासतात, पिल्लं आयांच्या शेपटीला लटकतात आणि हळूहळू सगळे एका दिशेला चालू लागतात. तुमचं परत फिरायचं वेळापत्रक नेमकं तेव्हाच आड येतं, कारण अंधार पडल्यावर पार्कात गाडी हिंडवायला परवानगी नाही. म्हणून शेवटचा तास कॅम्पच्या जवळपासच ठेवायला ड्रायव्हरला सांगा.

नातवाला कामाला लावा. तीन-चार जिराफ एकाच दिशेला टक लावून उभे असतील तर तिकडे काहीतरी आहे. गिधाडं आभाळात नुसती घिरट्या घालत असतील तर सोडून द्या, पाय खाली सोडून उतरत असतील तर गाडी वळवा. सेरोनेरा नदीकाठच्या मोठ्या झाडांवर बिबट्या शोधताना बिबट्या शोधू नये, शेपटी शोधावी. आडव्या फांदीवरून ती नाडीसारखी लोंबत असते. आणि फक्त मोठ्या जनावरांवर डोळा ठेवू नका. झेब्रे लांब, राठ गवत खातात, त्यांच्यामागून वाइल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखी दिसणारी दाढीवाली मोठी हरणं, आखूड गवत, आणि शेवटी गझेल नवी फूट खुडतात. एकाच मैदानावर तीन पंगती. आपल्या नीलपंखाचा एक जांभळ्या छातीचा भाऊबंद तिथे दर दोन झाडांआड बसलेला दिसेल. यासाठी प्रत्येकी नाही तरी दोघांत एक दुर्बीण घ्या, ८ बाय ४२ची. सहलीच्या एकूण खर्चाच्या मानाने ते काहीच नाही.

कार्यक्रमाबद्दल माझं मत. तारांगिरे पार्कात एक रात्र नक्की ठेवा. जुलैत तिथली नदी आटत आलेली असते आणि हत्ती कोरड्या पात्रात सोंडेने आणि पायाने खड्डा करून पाणी काढतात. मोठी हत्तीण सोंड खोलवर आत घालून थांबते, झिरपायची वाट बघते, पिल्लू मध्येच घुसायला बघतं, त्याला एक हलकी ढुशी मिळते. हत्ती पुढे गेले की त्याच खड्ड्यावर इतर जनावरं येतात. इथे तासभर बसा, बाकी काही नको. आजूबाजूला जी फुगलेल्या बुंध्याची झाडं दिसतील ती गोरखचिंच; मूळची तिकडचीच, मुंबईच्या राणीच्या बागेत बघितली असेल. त्सेत्से माशा मात्र इथे चावतात आणि कपड्यांतूनही चावतात. निळा आणि काळा रंग त्यांना ओढतो, म्हणून जीन्स घरी ठेवा, खाकी-मातकट सुती कपडे घ्या.

सेरेंगेटीत तीन रात्री, सगळ्या सेरोनेरातच. मुलगा म्हणेल, जुलैत वाइल्डबीस्ट मारा नदी ओलांडतात, उत्तरेला जाऊ. लाखांच्या संख्येने ओलांडतात हे खरं, पण कोणत्या दिवशी, कोणत्या घाटावर, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नाही. काठावर येऊन दिवसभर उभे राहतात आणि मागे फिरतात. सेरोनेराहून तिकडे जायला खडखडत्या रस्त्याने चार-पाच तास मोडतात. तुमच्या गुडघ्यांसह, सहा रात्रींत, ही धावाधाव करू नये. कुणाला ती नदी बघायचीच असेल तर त्याने तिकडेच तीन-चार रात्री मुक्काम ठोकावा.

न्गोरोंगोरो हे खचलेल्या ज्वालामुखीचं विवर. आपलं लोणार उल्केमुळे झालं आणि पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आहे, हे सुमारे एकोणीस. गेंडा दिसला तर इथेच, तोही बहुधा दुर्बिणीतून राखाडी ठिपका म्हणून. यजमानांना हे आधी सांगा. जिराफ इथे शोधू नका, विवरात ते नाहीत. काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंच असल्यामुळे जुलैची रात्र चांगलीच बोचते. तिथे स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे. दुपारचा डबा विवरातल्या तळ्याकाठी उघडतात, तो गाडीतच बसून खा. तिथल्या घारी हातातला घास उचलतात, आणि नख लागलं तर टाके पडतात.

शाकाहाराची फार काळजी नको. बरोबर आचारी असतो, चपाती तिकडे घरोघरी होते, घेवड्याची उसळ, कोबी, भात, सूप रोज मिळेल. फक्त अंडं चालतं की नाही ते स्पष्ट सांगा, नाहीतर डब्यात उकडलेलं अंडं येणारच. आरुशात भारतीय वंशाच्या लोकांची किराणा दुकानं आहेत, डाळ-मसाले तिथे मिळतात. इथून गोडा मसाला आणि लोणचं न्या, आचारी हौसेने वापरतो. आचारी आणि ड्रायव्हर दोघांची बक्षिसी शेवटी वेगवेगळ्या पाकिटात द्या. गाडीतून फिरताना मध्येच जायची वेळ आली तर संकोच न करता ड्रायव्हरला सांगा, तो मोकळी जागा बघून, चहूकडे नजर टाकून गाडी थांबवतो आणि गाडीच्या आडच जायचं असतं. एरवी नेमलेल्या जागांशिवाय पाय खाली टाकायचा नाही. नातवाला कॅम्पवर संध्याकाळनंतर पळापळ बंद, हे तुम्ही सांगा, आईबापांचं मुलं ऐकत नाहीत.

राहिलं औषधपाण्याचं, आणि यात यजमानांचा प्रश्न आहे. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीचं पिवळं कार्ड लागू शकतं. केनिया आणि इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतात, आणि कार्ड नसेल तर परतल्यावर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तीही प्रवासाआधी किमान दहा दिवस, आणि एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेणाऱ्यांमध्ये गंभीर त्रासाचा धोका थोडा वाढतो. म्हणून ६३व्या वर्षी परस्पर टोचून घेऊ नये, आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. ते नको म्हणाले तर सूट-पत्र घ्या, मुलाला दुबईमार्गे सरळ जाणारं विमान बघायला सांगा, आणि तिकिटं काढण्याआधी लसीकरण केंद्रावर ताजा नियम विचारा. मलेरियाच्या गोळ्या सगळ्यांना लागतील, नातवाच्या वजनाप्रमाणे वेगळ्या, आणि परत आल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या. सांगलीला आल्यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांत कुणालाही ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'आफ्रिकेहून आलोय' हे सांगा, आणि रक्त त्याच दिवशी तपासून घ्या.